अंगणांतील मोटार आणि कायदा

मोटारीचा अपघात म्हटला कीं हमरस्ता, भरधाव वेग आणि दोन गाड्यांची टक्कर डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु लहान मुलांचे कित्येक अपघात घराच्या दारांतच, गाडी हळूहळू मागें सरकत असतांना घडतात. आणि ती चालविणारा बहुधा परका नसून मुलाचा बाप, आई किंवा आजोबाच असतो. गाडीच्या पाठीमागची कांहीं जागा आरशांत मुळींच दिसत नाहीं. गाडी जितकी उंच, तितकी ही आंधळी जागा मोठी. आणि मूल तर कमरेइतकेंहि उंच नसतें!

२००२ सालीं अमेरिकेंत, न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवर, एक बालरोगतज्ज्ञ आपल्या दारांत गाडी मागें घेत होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा, कॅमेरॉन, नकळत बाहेर आला आणि चाकाखालीं सांपडला. बापानें आरशांत पाहिलें होतें. पण आरशांत मूल दिसलेंच नाहीं. असल्या दुःखानें माणसें मुकीं होतात. हे गृहस्थ बोलते झाले. समदुःखी पालकांसह त्यांनीं केलेल्या खटपटीस यश येऊन २८ फेब्रुवारी २००८ रोजीं अध्यक्ष बुश यांनीं कायद्यावर सही केली. त्यास नांव दिलें तें त्या बालकाचेंच.

कायद्याचें मागणें साधें होतें. गाडी मागें घेतांना चालकास पाठीमागचें दिसावें. आणि स्वयंचलित गियरची गाडी ब्रेक दाबल्यावांचून जागची हलूं नये, म्हणजे मुलाच्या चाळ्यानें ती घरंगळणार नाहीं. सरकारी अंदाजाप्रमाणें मागें येणाऱ्या गाड्यांखालीं दरसाल सुमारें २१० माणसें दगावत, त्यांपैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा पांच वर्षांखालील मुलांचा. तरीहि खर्चाच्या वादांत मुदती टळत गेल्या. अखेर पालकांना सरकारविरुद्ध न्यायालयांत जावें लागलें. २०१४ सालीं नियम ठरला, आणि १ मे २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीस पाठीमागचें दाखविणारा कॅमेरा सक्तीचा झाला. एका बालकाच्या मृत्यूपासून तोंवर जवळजवळ सोळा वर्षें लोटलीं होतीं.

भारतांतहि १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारें यंत्र आवश्यक ठरलें. मात्र जुन्या गाड्यांस हे नियम लागू नाहींत, आणि यंत्र सूचना देतें, ब्रेक दाबीत नाहीं. म्हणून किल्ली फिरविण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक फेरी घालावी, आणि घरांतील मूल कोणाच्या हातीं आहे तें विचारून घ्यावें. कायद्यास सोळा वर्षें लागलीं; या फेरीस अर्धें मिनिटहि लागत नाहीं.