ज्वरातील रक्तगणना

हुगळी नदीच्या काठी, कलकत्ता बंदराला लागून गार्डन रीच ही वस्ती आहे. विदर्भातील जुन्या मंडळींना हे नाव परके वाटणार नाही. बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य कार्यालय येथेच होते. १९५५ साली स्थापन झालेल्या दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आणि तिचे मध्यवर्ती रुग्णालयही येथेच आहे. नदी, गोद्या, दाट वस्ती आणि लांबणारा पावसाळा यांमुळे या भागाला डासांचा उपद्रव नवा नाही. १९६३ साली कलकत्त्यात रक्तस्रावी डेंग्यूची जी साथ उसळली, ती भारतातील त्या प्रकारची पहिली मोठी साथ मानली जाते. चिकुनगुनियाचा विषाणूही भारतात प्रथम ओळखला गेला तो त्याच वर्षी आणि त्याच शहरात.

असा ज्वर निरोगी माणसाला आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळवतो आणि बहुधा निघून जातो. परंतु ज्याच्या रक्तात जीर्ण ल्युकेमिया आधीच मुक्काम करून आहे, त्याच्या घरी ज्वराबरोबर आणखी एक चिंता प्रवेश करते. रक्ततपासणीच्या कागदावरील आकडे एकाएकी बदलतात, आणि मूळ रोग बळावला काय, हा प्रश्न सर्वांच्या मनात उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर घाईने देणे हेच पुष्कळदा अनर्थाचे मूळ ठरते.

निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात, तर रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, दीड ते साडेचार लाख असतात. विषाणूचा शिरकाव झाला की हे प्रमाण हलते. डेंग्यूमध्ये पांढऱ्या पेशी आणि बिंबिका दोन्ही घटतात, आणि बिंबिकांचा नीचांक ज्वर उतरण्याच्या सुमारास दिसतो. म्हणून ताप गेला की संकट टळले, असे समजू नये. सावध राहण्याची खरी वेळ तीच असते.

जीर्ण ल्युकेमियाचे मुख्य प्रकार दोन. एकात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अमर्याद वाढतात, तर दुसऱ्यात अस्थिमज्जेतील ग्रॅन्युलोसाइट जातीच्या पेशी. पहिल्या प्रकारात पेशींची संख्या मोठी, पण त्यांचे संरक्षणसामर्थ्य अल्प असते. सैन्य मोठे, परंतु शस्त्रांविना, अशी ती अवस्था होय. शरीरातील प्रतिपिंडेही उणी पडतात. त्यामुळे फ्लू लांबतो, नागीण वारंवार उठते, आणि साधा खोकला फुप्फुसापर्यंत पोहोचतो.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना लिंफोसाइटांचा जीर्ण ल्युकेमिया आहे. औषधाची गरज अद्याप पडलेली नाही. केवळ ठराविक काळाने तपासणी चालते. लिंफोसाइट तीस हजारांच्या आसपास स्थिर आहेत, बिंबिका एक लाख साठ हजार. माघात त्यांना फ्लू होतो आणि लिंफोसाइट पन्नास हजारांवर जातात. पुढे दुर्गापूजेच्या सुमारास डेंग्यू होतो आणि बिंबिका अठ्ठेचाळीस हजारांवर येतात. दोन्ही वेळा कुटुंबाचा धीर सुटतो.

आता या आकड्यांचा अर्थ पाहावा. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत कार्य केलेले डॉ. कांती राय यांनी १९७५ साली या रोगाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्यांत बिंबिका एक लाखाच्या खाली जाणे ही अखेरची पायरी आहे. नुसत्या कागदावरून निर्णय करावयाचा, तर हे गृहस्थ एका आठवड्यात त्या पायरीवर जाऊन बसतील! पण ती पायरी रोगाने अस्थिमज्जा व्यापल्यामुळे होणाऱ्या घटीची आहे. डेंग्यूने काही दिवस केलेल्या घटीची नव्हे. तसेच लिंफोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणे हे उपचार आरंभण्याचे एक लक्षण मानतात खरे, परंतु त्या वाढीला संसर्ग कारण नाही ना, हे आधी पाहावे लागते. विषाणूने चेतवलेल्या पेशी ज्वर ओसरल्यावर पुष्कळदा पूर्वस्थितीकडे वळतात. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासणे हाच शहाणपणाचा मार्ग.

दुसऱ्या प्रकारात रुग्ण बहुधा इमॅटिनिब किंवा त्याच वर्गातील गोळ्या घेत असतो. या गोळ्याही पेशी घटवतात. तेव्हा ज्वरात आकडे उतरले, तर दोष विषाणूचा की औषधाचा, हे एका तपासणीने कळत नाही. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा.

याचा अर्थ प्रत्येक बदल निरुपद्रवी असतो, असा मुळीच नव्हे. पार्व्हो नावाचा विषाणू तांबड्या पेशींची निर्मितीच काही काळ थांबवतो. आधीच दुर्बल असलेल्या मज्जेला तो आघात सोसत नाही. लिंफोसाइटांच्या ल्युकेमियात शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींचा नाश करू लागते, असेही कधी घडते. एकाएकी आलेला फिकेपणा, काविळीची छटा, गडद लघवी, धाप, हिरड्यांतून वा शौचावाटे रक्त, असह्य पोटदुखी, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहणे गैर. न्यूट्रोफिल पेशी पाचशेच्या खाली असताना आलेला ताप तर तातडीने रुग्णालय गाठण्याचा विषय आहे. डेंग्यूची शंका असता ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन कटाक्षाने टाळावे. ल्युकेमियावरील इब्रुटिनिबसारख्या काही गोळ्यांनीही रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढते. म्हणून चालू औषधांची यादी उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावी.

रुग्णाच्या हाती असलेले सर्वांत सोपे साधन म्हणजे एक वही. तपासणीची तारीख, पेशींचे आकडे, त्या सुमारास आलेला ताप, घेतलेली औषधे आणि टोचलेल्या लसी यांची तीत नोंद असावी. जिवंत विषाणूंच्या लसी अशा रुग्णांनी टाळावयाच्या असतात. फ्लूची टोचून द्यावयाची निर्जीव लस मात्र सल्ल्याने दरवर्षी घेता येते. अनोळखी डॉक्टरालाही अशी वही क्षणात सांगते की आजचा आकडा नवा आहे की जुनाच. कोणताही हिशेबनीस एका दिवसाच्या जमाखर्चावरून पेढीचे दिवाळे जाहीर करीत नाही. तो मागील पाने उलटतो आणि पुढील महिन्याची वाट पाहतो. रक्ताच्या हिशेबालाही हाच न्याय लागू आहे.