तळपायाला न कळलेला काटा

रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते खरवडले गेले की धमनीला सैल पडता येत नाही, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या धमनीवर १९८० साली दाखवले. अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड वायू ती सैल करतो, असे पुढे उलगडले. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. रक्तातली साखर चढीच राहिली की हा वायू कमी पडतो, वाहिनी आखडते, अस्तर सुजते.

‘अंगावर मांस नाही, मग शुगर कशी?’ हा प्रश्न कर्जत-खालापूरकडून सारखा येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. किडकिडीत माणसाच्याही पोटात चरबी साठते आणि तीच अस्तराला सुजवते.

सर्वांत बारीक वाहिन्या नसांना रक्त पुरवतात. त्या बिघडल्या की तळपाय बधिर होतो. पळसदरीच्या शेतात आवणीच्या दिवसांत बांधावरच्या करवंदीचा काटा पायात मोडतो आणि माणूस संध्याकाळपर्यंत चिखलात उभा असतो. उंबऱ्यावरचा रक्ताचा ठसा घरातल्या दुसऱ्याच कोणाला दिसतो. म्हणून शुगर असलेल्याने अनवाणी चालू नये. शेतात नाही, अंगणातही नाही. मठात चपला काढाव्या लागतात, तिथे जाड मोजे घालावेत. गारठलेले पाय चुलीपुढे शेकू नयेत, कढत पाण्यात बुडवू नयेत. कातडी भाजते तेव्हाही कळत नाही. ‘आमचा बाप जन्मभर अनवाणी चालला,’ असे सांगणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की बापाला काटा टोचलेला कळत होता!

रोज रात्री सुनेने किंवा नातवाने दिव्याखाली तळवे पाहावेत, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्याही. जखमेत चुना, हळद, राख भरू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी चिंधी बांधावी आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा. आवणी आटोपल्यावर जाऊ, असे म्हणू नये. त्या आठ दिवसांत पाय जातो.

बिडी सोडावी. रक्तदाब मोजावा.

वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. डोळे मिटायला सांगून डॉक्टर तळव्याला नायलॉनचा धागा टेकवतात; तो १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तो कळला नाही, तर पाय धोक्यात आहे. त्याच दिवशी लघवीतले अल्ब्युमिनही तपासावे, कारण मूत्रपिंडातल्या वाहिन्या इतक्याच बारीक असतात.