वाचन कोणाच्या वाट्याला?



निजामी राजवट संपून दोनच वर्षे झाली होती. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला आणखी आठ वर्षे लागणार होती. अशा १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढले. तेथे भूमिहीनांच्या मुलांना पोटापुरता धंदा नव्हे, तर साहित्य आणि विज्ञान शिकविले गेले. त्याच परंपरेतील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांना पुढे व्यासपीठ दिले.

१९६० साली येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. पुढे चिकलठाणा, वाळूज येथे कारखाने उभे राहिले. तेथे कुशल हात हवेत, हे खरेच. परंतु यंत्राची पुस्तिका न वाचणारा कामगार मुकादमाच्या शब्दावर चालतो आणि करारपत्र न वाचणारा कंत्राटदाराच्या.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवी अभ्यासक्रमातून एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय केली. या दारातून बाहेर कोण पडणार? ज्याच्या घरची चूल मजुरीवर पेटते तोच! सोय सर्वांना सारखी; गरज मात्र सारखी नाही.

म्हणून प्रत्येक कौशल्य अभ्यासक्रमात वाचन व साहित्य अनिवार्य असावे, आणि गरजू विद्यार्थ्यास पूर्ण मुदतीची शिष्यवृत्ती मिळावी, ही मागणी आपल्या चळवळीने लावून धरली पाहिजे. तोवर कामगार वस्त्यांतून सायंकाळचे वाचनवर्ग चालविण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.