अध्यापनाची नवी साधने व शिक्षकाची तयारी

(वाशी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गापुढील व्याख्यान)



खेड्यातील शाळेत नवे साधन येते तेव्हा प्रथम त्याचे कौतुक होते आणि पुढे पुष्कळदा ते कपाटात जाते. याचा दोष साधनाकडे क्वचितच असतो. साधन चालू कसे करावे हे शिक्षकास शिकविले जाते. परंतु पाठात ते कोठे आणावे व केव्हा बाजूस सारावे, हे शिकविणे राहून जाते. प्रशिक्षणाचा खरा विषय हाच होय.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडून कविता, कथा, पाठ व स्वाध्याय मुलांच्या हाती दिले. २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या कार्यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, मुलांस पुस्तकाची भाषा परकी वाटते हे ओळखून त्यांनी मुलांची भाषा आत्मसात केली व पाठ तिच्यात उतरविले. अडचण ओळखली गेली, म्हणून साधन उपयोगी पडले.

पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावरील साहित्य त्यांतून उघडते. ऑक्टोबर २०२० पासून ‘निष्ठा’ प्रशिक्षणही त्याच मार्गाने शिक्षकांपर्यंत पोचले. घटक पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळते. तथापि प्रमाणपत्राची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी वर्गातच होते.

हातच्याच्या वजाबाकीचा पाठ घ्या. ४२ मधून १७ वजा करताना एखादे मूल ३५ उत्तर लिहिते. कारण ते २ मधून ७ जात नाहीत असे पाहून ७ मधूनच २ वजा करते. चित्रफीत त्या मुलाची वही पाहू शकत नाही, शिक्षक पाहतो. त्याने चित्रफीत आदल्या दिवशी स्वतः पाहावी, उतरवून ठेवावी, म्हणजे वर्गात वीज अथवा जाळे नसले तरी अडत नाही. दशक सोडविण्याची पायरी येताच ती थांबवावी, मुलांच्या हाती काड्यांचे गठ्ठे द्यावेत, एक गठ्ठा सोडवून घ्यावा व मगच चित्रफीत पुढे न्यावी. अर्ध्या तासाच्या तासिकेत पडद्यास पाच मिनिटे पुरतात.

या भागात याहून मोठा प्रश्न ऊसतोडीचा आहे. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याकडे निघतात व कित्येक मुले त्यांच्यासोबत जातात. परततात तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो आणि मागे पडलेले मूल हळूहळू शाळेसच अंतरते. मूल आजी-आजोबांपाशी गावीच राहावे, हा प्रयत्न पहिला. ते जमले नाही, तर शिक्षकाने स्वतःच्या आवाजात चार-पाच मिनिटांचा एकेक पाठ ध्वनिमुद्रित करून बापाच्या मोबाइलवर पाठवावा. अखेरीस एकच प्रश्न असावा व आठवड्यातून एकदा दूरध्वनीवरून त्याचे उत्तर ऐकावे. ओळखीचा आवाज कोपीत पोचला, तर आपले नाव पटावर आहे याची मुलास आठवण राहते. ज्या घरी असा मोबाइल नाही, तेथे स्वाध्यायाची वही सोबत द्यावी व तळावर जवळ असलेल्या शाळेशी संपर्क साधावा.

हे कौशल्य केवळ व्याख्यान ऐकून येत नाही. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येकाने घेतलेला एक पाठ सहकाऱ्यांपुढे मांडावा. कोठे साधले व कोठे फसले, हे दोन्ही सांगावे. वडीलधाऱ्या शिक्षकांजवळ पाठाची जाण आहे, तरुणांजवळ यंत्राचा सराव आहे. दोघे एका बाकावर बसले, तर तालुक्याबाहेरून तज्ज्ञ येण्याची वाट पाहावी लागणार नाही.