ड्रायव्हर बदलावा, की आहे तो राहू द्यावा?



मार्च २०१० मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या ग्राफिक्स कार्डांसाठी १९६.७५ या क्रमांकाचा नवा ड्रायव्हर दिला. ज्यांनी तो लगेच टाकला, त्यांच्यापैकी काहींच्या कार्डावरचे पंखे गेम चालू असताना हवे तसे फिरेनात आणि कार्ड तापू लागले. ‘स्टारक्राफ्ट’ आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ बनवणाऱ्या ब्लिझार्डने आपल्या खेळाडूंना सावध केले आणि एनव्हिडियाला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, एएमडीच्या क्रिमसन ड्रायव्हरच्या वेळी असेच झाले. काही कार्डांचे पंखे मंद वेगावरच अडकून राहिले. दुरुस्ती काही दिवसांतच आली, पण तोवर कार्डे तापायची ती तापली.

हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ‘अपडेट आले की टाकावे, त्यात विचार कसला?’ असे अनेक घरांत मानले जाते. मोबाइलमधल्या एखाद्या अॅपपुरते ते ठीक आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरचे काम मात्र फार आत चालते. गेम डायरेक्टएक्स किंवा व्हल्कनच्या भाषेत चित्र मागतो. ते मागणे तुमच्याच कार्डाला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवणारा हा प्रोग्राम. त्याचा एक भाग विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून चालतो. म्हणून तो चुकला की कधी कधी गेमबरोबर सगळा कॉम्प्युटरच बंद पडतो. अमेरिकेत विंडोज व्हिस्टाविषयीच्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांत २००७ मध्ये नोंदवलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते. परिस्थिती आता खूप सुधारली आहे. कार्ड दोन सेकंद प्रतिसाद देईनासे झाले, तर विंडोज ते स्वतःच पुन्हा सुरू करते. खेळताना पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

मग जुनाच ड्रायव्हर धरून बसावे का? तसेही नाही, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण इंटेलचे आहे. २०२२ मध्ये इंटेलची आर्क कार्डे बाजारात आली, तेव्हा डायरेक्टएक्स ९ वर चालणारे जुने गेम त्यांच्यावर रखडत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंटेलने नवा ड्रायव्हर दिला आणि ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’सारखा गेम त्याच कार्डावर कितीतरी वेगाने चालू लागला. ज्यांनी पदरमोड करून ते कार्ड घेतले होते, त्यांच्या हाती एक पैसाही न देता जवळपास वेगळेच कार्ड आले. तो ड्रायव्हर न टाकणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे होते.

आता ऑक्टोबर २०२३ ची घटना पाहा. मला ती फार महत्त्वाची वाटते. एएमडीने नव्या ड्रायव्हरमध्ये अँटी-लॅग प्लस नावाची सोय दिली. माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ कमी करण्यासाठी ती होती. उद्देश चांगलाच. पण ते साधण्यासाठी ड्रायव्हर चालू गेमच्या आतल्या फंक्शनांमध्ये हात घालत होता, आणि चीट करणारे प्रोग्रामही नेमके हेच करतात. ‘काउंटर-स्ट्राइक २’ नुकताच आला होता. त्याच्या पहारेकरी यंत्रणेने हे चीटिंगच समजून खेळाडूंवर बंदी घातली. तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हला जाहीर सांगावे लागले की ही सोय चालू ठेवून खेळू नका. एएमडीने ती काढून घेतली. ज्यांचा काडीचाही दोष नव्हता, अशा मुलांच्या खात्यांवर चीटरचा शिक्का बसला होता. वर्षानुवर्षे खेळून उभे केलेले खाते म्हणजे त्या मुलांची कमाई असते, हे घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यावे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ड्रायव्हर बदलायला कारण हवे. तुम्ही घेतलेला नवा गेम जुन्या ड्रायव्हरवर नीट चालत नसेल, तर ते कारण. तुम्हाला छळणारा दोष दुरुस्त झाल्याचे नव्या आवृत्तीच्या टिपणात लिहिले असेल, तर तेही कारण. सुरक्षेचे कारण तर सर्वांत वरचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरमधल्या गंभीर त्रुटी जाहीर केल्या; अशा वेळी ‘माझे गेम तर छान चालतात’ म्हणून गप्प बसणे चूक. पण गेम सुरळीत आहेत, त्रुटीची सूचना नाही, आणि केवळ आकडा वाढला आहे, एवढ्यासाठी आजच घाई कशाला? एक-दोन आठवडे थांबा. प्रत्येक आवृत्तीबरोबर कंपनी टिपण देते. त्यात काय दुरुस्त केले हे सगळे वाचतात. अजून काय दुरुस्त व्हायचे आहे, ती यादी मात्र फार थोडे लोक उघडतात. मी तीच आधी वाचतो.

कार्ड कोणते, यावरही बरेच ठरते. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिका आली. पडदा काळा पडण्याच्या तक्रारींवर एनव्हिडियाला एकामागून एक तातडीच्या दुरुस्त्या द्याव्या लागल्या, आणि एप्रिलमधल्या ५७६.०२ या आवृत्तीत दुरुस्त्यांची लांबलचक यादी होती. नवे कार्ड घेणाऱ्यांना प्रत्येक दुरुस्ती घेणे भाग होते. त्याच काळात आधीच्या मालिकेचे कार्ड असलेले अनेक जण डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ वर थांबले, आणि त्यांचे बरोबर होते. २०१६ चे जीटीएक्स १०६० किंवा १०५० टीआय आपल्याकडे अजून कितीतरी घरांत आहे. सेकंडहँड बाजारात पहिले कार्ड म्हणून मुले तेच घेतात. त्या पिढीसाठी नव्या गेमची तयारी असलेले ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते. आता २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. त्या जरूर टाका; वेग वाढेल ही आशा मात्र त्यांच्याकडून ठेवू नका.

बदलायचे ठरलेच, तर परतीची वाट आधी करून ठेवा. सध्याच्या ड्रायव्हरचा क्रमांक लिहून ठेवा, त्याची फाइल जपा, विंडोजचा रिस्टोअर पॉइंट घ्या. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या, लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीने काय दिले आहे तेही पाहा. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो’ म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रामांपासून लांब राहा. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा यूपीएस नसेल तर विजेचा लपंडाव चालू असताना हे काम काढू नका. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री तर कधीच नाही.

नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिली काही मिनिटे गेम अडखळतो. घाबरू नका. शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, नव्याने तयार होत असतात. एक-दोन डाव खेळून मगच मत बनवा. त्यानंतरही दोष राहिलाच, तर डिव्हाइस मॅनेजरमधून मागच्या ड्रायव्हरवर या आणि कंपनीला कळवा. कार्ड, ड्रायव्हरचा क्रमांक, विंडोजची आवृत्ती, गेमचे नाव आणि नेमके काय केल्यावर काय झाले, एवढे लिहिले तरी पुरते. लोकांच्या घरी जुने-नवे भाग जुळवून उभे राहिलेले हजारो प्रकारचे कॉम्प्युटर असतात आणि ते सगळे कुठल्याही प्रयोगशाळेत तपासून होत नाहीत. टिपणातली ती उरलेल्या दोषांची यादी अशा पत्रांतूनही तयार होते.