मयतीचा दाखला : चाळीसाव्यापूर्वी करावयाचे काम

(संस्थेच्या पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून मयतीच्या दाखल्याविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परीक्षा, वसतिगृह, शिष्यवृत्ती असे विषय सोडून हा विषय कशाला, असे कोणी मनात म्हणतही असेल. परंतु ज्या मुलाचे वडील वारले आहेत त्याचा बालसंगोपनाचा अर्ज नेमका याच एका कागदापाशी अडतो. गुणपत्रिका असते, शाळेचा दाखला असतो, मुख्याध्यापकांची सही असते. वडिलांच्या मृत्यूचा दाखला तेवढा नसतो. आई म्हणते, सारा गाव जनाज्याला होता, आणखी पुरावा काय हवा? तिचे म्हणणे खोटे नाही. पण कचेरीला गाव दिसत नाही, कागद दिसतो.

आपल्याकडे मयत झाली की माणसे धावून येतात. गुसल, कफन, कबर, नमाज ही सारी कामे काही तासांत पार पडतात. लातूरला सकाळी निधन झाले तर बहुधा संध्याकाळपूर्वी दफन झालेले असते. ही घाई चांगलीच आहे. पण पुढच्या कामाला मात्र अशी घाई नसते. तिसऱ्या दिवशी जियारत होते, मग लोक म्हणतात, ‘चाळीसावा होऊ द्या, मग कागदपत्रांचे बघू.’ हेच वाक्य महागात पडते. चाळीसावा हा आपल्या रिवाजाचा हिशेब आहे. कायद्याचा हिशेब एकवीस दिवसांचा आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा मूळ कायदा १९६९ सालचा. त्यात २०२३ मध्ये मोठी दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मृत्यूची खबर एकवीस दिवसांच्या आत दिली तर नोंदणीला काही पडत नाही आणि खबर देणाऱ्याला दाखल्याची पहिली प्रतही विनामूल्य मिळते; दुरुस्तीनंतर ती नोंदणीपासून सात दिवसांत द्यावयाची आहे. एकवीस ते तीस दिवसांच्या दरम्यान गेलात तर विलंब शुल्क भरून काम होते. तीस दिवस उलटले की जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. म्हणजे जो माणूस चाळीसाव्यानंतर निघतो तो पहिल्या दोन्ही सोप्या पायऱ्या चुकवून थेट तिसरीवर उभा राहतो. पहिल्या आठवड्यात एका फेरीत होणाऱ्या कामासाठी मग हेलपाटे सुरू होतात.

यात सर्वांत जास्त नुकसान होते ते विधवेचे. ती इद्दतीत असते. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडत नाही, आणि दीर-भाऊ म्हणतात की कागद तिचा आहे, तिच बाहेर आल्यावर जाईल. बंधूंनो, कायद्याने खबर देण्याची जबाबदारी विधवेवर टाकलेलीच नाही. ती कुटुंबप्रमुखावर आहे. तो नसेल तर घरातल्या जवळच्या नातेवाइकावर, तोही नसेल तर घरातील वयाने सर्वांत मोठ्या प्रौढ व्यक्तीवर. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर खबर देणे हे दवाखान्याचे काम आहे. तेव्हा इद्दतीचे कारण पुढे करून कोणी घरी बसू नये. विधवेने कचेरीचा उंबरा न ओलांडताही दाखला तिच्या हाती पडला पाहिजे, आणि तो पडू शकतो.

आता जायचे कोठे? नोंद जेथे मृत्यू झाला तेथे होते, जेथे माणूस राहत होता तेथे नव्हे. ही एक गोष्ट नीट लक्षात राहिली तरी निम्मे हेलपाटे वाचतील. खेड्यात मृत्यू झाला तर ग्रामपंचायतीत, जेथे आपण ज्यांना अजून ग्रामसेवक म्हणतो ते निबंधक असतात. नगरपरिषदेच्या गावी नगरपरिषदेत. नांदेड आणि लातूर शहरांत महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. पण आपल्या भागातले आजारी लोक हैदराबादला नेले जातात, सोलापूरला जातात, आणि मजूर तर पुण्या-मुंबईला असतातच. देगलूरचा माणूस हैदराबादच्या दवाखान्यात वारला आणि दफन देगलूरला झाले, तर देगलूरच्या कचेरीत त्याची नोंद होणार नाही. ती हैदराबादला होईल. म्हणून मयत तेथून हलवण्यापूर्वीच दवाखान्याला विचारा : मृत्यूची खबर कोणत्या कार्यालयाकडे जाणार, आणि दाखला कोठून घ्यावयाचा? दुःखाच्या त्या घटकेला हा प्रश्न सुचत नाही, हे मी जाणतो. म्हणून मयतीबरोबर गेलेल्यांपैकी एकाने तरी तो लक्षात ठेवावा. वाटेत गाडीतच मृत्यू झाला तर वाहन प्रथम जेथे थांबले त्या ठिकाणी खबर द्यावी, असा नियम आहे.

दवाखान्यातून मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते विनामूल्य द्यावयाचे असून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावयाची आहे. ती मागून घ्या. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडून हे प्रमाणपत्र घ्यावे. काही घरांत आजाराचे नाव उघड होईल या भीतीने नोंदच टाळली जाते. ही भीती अनाठायी आहे. मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापले जात नाही. नोंदीचा उतारा देताना मृत्यूचे कारण उघड करू नये असे कायद्यातच आहे. अपघाती मृत्यूची गोष्ट वेगळी. तेथे पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन आवश्यक असते. शवविच्छेदन नको म्हणून मयत तशीच घरी आणण्याकडे आपला कल असतो. भावना मी समजू शकतो, पण शेतकरी अपघातात गेला तर त्याच्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून मिळणारे दोन लाख रुपये अशा वेळी हातचे जातात.

कब्रस्तानाच्या कमिट्यांनाही येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. दफनभूमीच्या व्यवस्थापकानेही मृत्यूची खबर निबंधकाला द्यावी, असे १९६९ च्या कायद्यात आहे. आपल्या बहुतेक कब्रस्तानांत एक वही असते, पण तिच्यात नाव आणि तारीख एवढेच. वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, मृत्यूचे ठिकाण व खबर देणाऱ्याची सही इतके रकाने वाढवले तर ती वही पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल. तिला दाखला मात्र समजू नका. कमिटीने लेटरहेडवर लिहून दिलेली चिठ्ठी बँकेत चालत नाही.

नावाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आपले सर्वांत जास्त अर्ज येथेच परत येतात. मराठवाड्यात नावे लिहिण्याची आपली एक रीत आहे. पुरुषाच्या नावापुढे ‘पि.’ लिहून वडिलांचे नाव, स्त्रीच्या नावापुढे ‘भ्र.’ लिहून नवऱ्याचे. शेख, सय्यद, पठाण हे शब्द आधी येतात आणि वडिलांच्या नावापूर्वी पुन्हा येतात. संगणकाच्या अर्जात मात्र पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने. मग ‘शेख’ कधी पहिले नाव होते तर कधी आडनाव. महेबूबचे कोठे मेहबूब, कोठे महबूब होते. स्त्रीच्या नावामागचे ‘बी’ आधारवर असते, सातबाऱ्यावर नसते. म्हणून खबर देतानाच मृताचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि जमीन असल्यास सातबारा समोर ठेवा, आणि ज्या नावाने बँक खाते व जमीन आहे तेच नाव लिहा. दाखला हातात पडला की खिडकीपाशी उभे राहूनच वाचा. चूक आढळली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच कार्यालयात करता येतो. पण दाखला घडी घालून दोन वर्षे पेटीत ठेवला आणि विम्याच्या वेळी चूक दिसली, तर काम अवघड होते.

आणि तारीख! नावाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक जपून लिहावयाची गोष्ट ही. आपल्या वारसाहक्काच्या नियमांत कोण आधी वारला यावर सारे अवलंबून असते. समजा, एका घरात आजोबा आणि वडील एकाच वर्षात वारले. आजोबा आधी गेले असतील तर आजोबांच्या मिळकतीत वडिलांचा हिस्सा ठरला, आणि तो पुढे मुलांकडे व त्यांच्या आईकडे आला. वडील आधी गेले असतील आणि काका हयात असतील, तर नातवंडांना आजोबांच्या मिळकतीत हिस्सा नाही. पंधरवड्याच्या फरकाने एका घराची मुले वारस ठरतात किंवा ठरत नाहीत. अशा वेळी ‘रमजानच्या आधी वारले होते’ एवढी आठवण पुरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरेच्या घरे एका क्षणात गेली. तेथे आधी कोण आणि नंतर कोण हे सांगणार कोण? फिकहमध्ये यावर जुना नियम आहे : एकाच आपत्तीत गेलेल्यांचा क्रम कळत नसेल तर ते एकमेकांचे वारस होत नाहीत. पण हा नियम भूकंपासारख्या प्रसंगासाठी आहे, आपल्या आळसासाठी नाही.

शरीअतीने बायकोला मुले असताना आठवा हिस्सा दिला, मुलीला मुलाच्या निम्मा दिला. प्रत्यक्षात वारसाची नोंद भावा-भावांच्या नावे होते आणि बहिणी राहून जातात. जमिनीच्या वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यावयाची असते, आणि तिला पहिला कागद लागतो तो मृत्यूचा दाखला. तो ज्याच्या हाती असतो तोच वारसांची यादी लिहितो. म्हणून दाखल्याच्या प्रती तीन-चार घ्या आणि त्यांतली एक विधवेच्या स्वतःच्या हातात द्या. दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून वीस हजार रुपये मिळतात; संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तिलाच करावयाचा असतो. कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना २०२१ मध्ये पन्नास हजारांची मदत ठरली, तेव्हाही पहिली मागणी याच कागदाची होती.

आता जुन्या मृत्यूंविषयी. येथे आपल्या दोन जिल्ह्यांची अडचण निराळी आहे. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. उलट भैंसा आणि मुधोळ त्यापूर्वी नांदेडकडे होते, आज ते तेलंगणात आहेत. म्हणून पणजोबांचा कागद आपल्या तालुक्यात सापडला नाही तर तो नाहीच असे समजू नये. त्या वेळच्या जिल्ह्यात चौकशी करावी. निजामी अमलातले कागद उर्दूत असून त्यांवर फसली सन असतो. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. वर्ष आजूर महिन्यापासून सुरू होते. ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत ५९० मिळवा, त्यानंतर ५९१. मुलांना थोडी उर्दू लिपी येत असेल तर आजोबांच्या पेटीतले कागद वाचण्याचे काम तेच करू शकतील. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये जे मारले गेले त्यांच्याविषयी कित्येक घरांत केवळ आजीच्या तोंडची आठवण उरली आहे. तेथे खासरा पत्रक, फेरफारातील ‘मयत’ असा शेरा, मुलांच्या शाळेच्या रजिस्टरात वडिलांविषयीचा उल्लेख, असे जे मिळेल ते जमवावे लागते.

अशा उशिराच्या नोंदीसाठी आधी निबंधकाकडून ‘नोंद आढळत नाही’ असे प्रमाणपत्र घ्यावे. नंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्यापुढे पुराव्यासह अर्ज करावा. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात होई. २०२५ च्या जानेवारीत राज्य शासनाने उशिराचे दाखले देणे थांबवले आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती ठरवून दिली. तीत पोलीस चौकशी आहे, आणि खोटी माहिती देणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. तेव्हा कचेरीबाहेर ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पुरावा थोडा असेल तर थोडाच दाखवा, पण खरा दाखवा. अर्ज नेहमी पोच घेऊन द्या. निबंधकाचा निर्णय मान्य नसेल तर तो लेखी मागा; त्याविरुद्ध तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या मोहल्ल्यात मयत झाली की तुम्ही पाणी आणता, सतरंज्या टाकता. यापुढे जियारतीच्या दिवशी आणखी एक काम करा. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, मृताचे आधार कार्ड मागून घ्या आणि मृत्यूच्या खबरीचा नमुना क्रमांक २ वाचून दाखवीत भरा. वडीलधाऱ्यांची सही घ्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कचेरीत जा आणि पोच घेऊन या. ती पोच विधवेच्या हातात द्या, दिराच्या नव्हे.