मण्यार आली की आवाज येत नाही

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, ‘सापांवर एकदा बोला.’ पेरण्या उरकल्यात, पाऊस लागलाय, म्हणजे वेळ बरोबर आहे.

आधी एक गंमत सांगतो. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा छोटा देश आहे. तिथं रानात साप आहेत, पण माणसाचा जीव घेईल असा एकही नाही. रात्री खुशाल अनवाणी फिरा. आपल्या ताडकळसच्या काळ्या रानात ती चैन नाही भाऊ. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं अंदाजे बारा लाख माणसं गेली, असा हिशोब २०२० साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. आणि बहुतेक माणसं खेड्यातली, घरातच गेलेली.

जीव घेणारे साप मुख्यतः चार. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, फुरसं अंगाची वेटोळी घासून करकर आवाज करतं. म्हणजे तिघंही बहुतेक वेळा आधी सांगतात, ‘बाबा, लांब राहा.’ मण्यार काहीच सांगत नाही. म्हणून आज मी जास्त तिच्यावरच बोलणार आहे.

मण्यार रात्रीची निघते. उंदीर, पाली, दुसरे छोटे साप शोधत आखाड्यावर येते, घरात येते. आपण खाली सतरंजी टाकून झोपलेलो. झोपेत हात पडला, कूस बदलली की चावते. दात बारीक, सूज जवळपास नाही, कधी कधी खूणसुद्धा दिसत नाही. माणसाला वाटतं मुंगी चावली, डास चावला. परत झोपतो. मग पहाटे पोटात दुखायला लागतं. घरचे म्हणतात, रात्रीचं काही बाधलं असंल, ओवा खा. तेवढ्यात पापण्या जड होतात, उघडता येत नाहीत. थुंकी गिळवत नाही, बोलणं अडखळतं. आता हे पित्त नाही, हे विष आहे. पुढची पाळी श्वासाची असते.

पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या मिटतायत, एवढ्या दोन गोष्टी दिसल्या तरी गाडी काढा. साप दिसला नाही म्हणून थांबू नका. मण्यारीचं विष नसांच्या टोकांशी एकदा बसलं की इंजेक्शन ते सहज मागं घेऊ शकत नाही, मग व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. म्हणून उजाडायची वाट बघणं महागात जातं. १०८ लावा किंवा गावातली मिळंल ती गाडी घ्या. सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन फुकट मिळतं.

आणि साप मारून पिशवीत घालून नेऊ नका राव! आपल्याकडं मिळणारं इंजेक्शन या चारही सापांवर एकच असतं. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. मारायच्या नादात दुसऱ्याला चावल्याचे किस्से सगळ्यांनीच ऐकलेत. ब्लेडनं कापणं, दोरीनं आवळणं, तोंडानं ओढणं, मंदिरासमोर झोपवणं, यातलं काहीच नको. अंगठी-बांगड्या काढा, हातपाय हलू देऊ नका, निघा.

आता कवड्याची बाजू घेतो, कारण मण्यारीच्या नावाखाली तो बिचारा फार मरतो. घरात भिंतीवर चढून पाली खाणारा हा बिनविषारी साप. त्याचे पांढरट पट्टे मानेकडं ठसठशीत आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं. ती निळसर काळी, चकचकीत, मानेजवळ पट्टे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडं बारीक जोडीजोडीनं स्पष्ट. पण हे फोटोतून शिका, अंधारात वाकून बघू नका. साप निघाला तर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला फोन लावा. मारून स्टेटस ठेवणाऱ्यांना तर मी सरळ सांगतो, ते शौर्य नाही. धामण मारली की उंदरांनाच रान मोकळं.

शेतातली लाईट रात्रीची असते, पाणी द्यायला जावंच लागतं, हे मला माहीत आहे. मोबाईलचा टॉर्च खिशात नको, हातात चालू ठेवा. पायात बूट घाला. कडबा आणि पऱ्हाट्यांचा ढीग झोपायच्या जागेला लागून नको. बाजेवर झोपा, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. डासांसाठी आणलेली ती दीडदोनशेची जाळी मण्यारीलाही अडवते. बाज नसंल तर खाली झोपतानाही ती लावा, कडा चटईखाली दाबून.

घोरपडीबद्दल आलेले प्रश्न राहिले. पुढचा भाग तिच्यावरच करू.